एनपीएम, यार्न, पीएनपीएम की बन? आधी नोड-मॉड्यूल्सचं फोल्डर उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात जणांची टीम, रिअ‍ॅक्टची तीन अ‍ॅप्स, तिन्हींना लागणारी एक सामायिक कंपोनंट लायब्ररी आणि कोपऱ्यात एक जुनं जेक्वेरीचं अ‍ॅडमिन पॅनेल, जे अजून बॉवर या जुन्या पॅकेज मॅनेजरवर (बाहेरची तयार पॅकेजेस आणून बसवणाऱ्या टूलवर) आहे. बाकी सगळं सध्या एनपीएमवर चालतं. इन्स्टॉलला वेळ लागतो, माझ्या मशीनवर चालतं आणि सीआयवर (बदल आला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) पडतं असं महिन्यातून एकदा तरी होतं. टीममध्ये एक जण यार्न म्हणतो, दुसरा पीएनपीएम, आणि नवीन आलेला मुलगा बन. घ्यायचं काय?

उत्तर आधीच देऊन टाकतो. पीएनपीएम घ्या. पण ‘ते फास्ट आहे’ एवढ्यासाठी घेत असाल तर घाई करू नका. वेगाचे तक्ते बघून पॅकेज मॅनेजर निवडणं म्हणजे झूल बघून बैल घेणं. आज प्रत्येक टूल पुरेसं वेगवान आहे, आणि तुमचा सीआय ज्या कारणाने पडतोय त्याचा वेगाशी काही संबंध नाही.

या सगळ्यांतला खरा वाद एकाच मुद्द्यावरचा आहे: दोन पॅकेजेसनी तिसऱ्या पॅकेजच्या दोन वेगळ्या आवृत्त्या मागितल्या तर काय करायचं, आणि त्या डिस्कवर मांडायच्या कशा? प्रत्येक टूलने याचं वेगळं उत्तर दिलं. ते उत्तर तुम्हाला परवडतं का, एवढंच तपासायचं.

बॉवरपासून सुरुवात करू, कारण ते तुमच्याकडे अजून जिवंत आहे. २०१२ मध्ये ट्विटरमधून ते बाहेर आलं. त्याचं म्हणणं साधं होतं: ब्राउझरमध्ये जेक्वेरी एकच असणार, त्यामुळे दोन प्रती चालणार नाहीत. एका प्लगइनला १ ची आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला २ ची, अशी वेळ आली की बॉवर टर्मिनलवर पर्यायांची यादी मांडून विचारायचा, यातली कुठली घेऊ? आम्ही तेव्हा वैतागायचो. आता मागे वळून बघताना वाटतं, बिचारा बरोबर होता. ब्राउझरकडे जाणारा प्रत्येक केबी वापरणाऱ्याच्या डेटा पॅकमधून जातो, आणि जेक्वेरीच्या दोन प्रती आल्या की एकीवर लावलेला प्लगइन दुसरीवर सापडत नाही.

एनपीएमचा जन्म मात्र सर्व्हरसाठी झाला, २०१० मध्ये, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या पाठोपाठ. सर्व्हरवर दोन प्रती असल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून त्याने प्रत्येक पॅकेजला आपापलं नोड-मॉड्यूल्स फोल्डर दिलं, त्यात त्याच्या डिपेंडन्सीज (त्याला लागणारी दुसरी पॅकेजेस), त्यांच्या पोटात त्यांच्या. आवृत्त्यांचं भांडण मिटलं, पण फोल्डरच्या आत फोल्डर इतकी खोल गेली की विंडोजवर २६० अक्षरांची पाथची मर्यादा ओलांडायची आणि ते फोल्डर डिलीटसुद्धा होत नसे. ज्यांनी तेव्हा विंडोजवर काम केलं त्यांना ते दुःख अजून आठवत असेल.

२०१५ मध्ये एनपीएम ३ ने यावर तोडगा काढला: जमेल तेवढं सगळं वरच्या पातळीवर उचलून आणायचं, आणि आवृत्ती जुळत नसेल तरच आत ठेवायचं. यालाच हॉइस्टिंग म्हणतात. तुमच्या आजच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

नोड मॉड्यूल शोधतो तो असा: ज्या फाइलमध्ये इम्पोर्ट आहे तिच्या शेजारचं नोड-मॉड्यूल्स फोल्डर बघायचं, नाही सापडलं तर एक पायरी वर, मग आणखी एक वर. तुमच्या पॅकेज-जेसनमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी असलेल्या फाइलमध्ये) ते नाव लिहिलंय की नाही, हे तो विचारतच नाही. त्यामुळे हॉइस्टिंगने वर आलेलं कुठलंही पॅकेज तुम्हाला फुकट वापरता येतं. याला फँटम डिपेंडन्सी म्हणतात. मराठीत सांगायचं तर शेजाऱ्याच्या मीटरवरून घेतलेली वीज. शेजारी घर सोडून जाईपर्यंत सगळं झकास.

आमच्याकडे तो गेला एका शुक्रवारी संध्याकाळी. एका सहकाऱ्याने आलेखांची लायब्ररी एका मायनर आवृत्तीने वर नेली. बदल एका ओळीचा, रिव्ह्यूही एका मिनिटात झाला. सीआयवर बिल्ड पडला: लोडॅश नावाचं पॅकेज सापडत नाही. आलेखांशी काही संबंध नसलेल्या, रिपोर्टच्या तारखा गाळणाऱ्या स्क्रीनवर. झालं होतं असं की आलेखवाल्यांनी नव्या आवृत्तीत लोडॅश काढून टाकलं होतं, आणि आम्ही ते त्यांच्याच जिवावर वापरत होतो. आमच्या पॅकेज-जेसनमध्ये ते कधीच नव्हतं. गिट ब्लेम काढला तर दोन वर्षांपूर्वीची ती इम्पोर्टची ओळ माझीच निघाली. एडिटरने आपोआप सुचवली, मी एंटर दाबला. ‘माझ्या मशीनवर चालतं’ हेही खरंच होतं, कारण ज्याने आवृत्ती वाढवली होती त्याच्याकडे जुन्या फांदीवरचं नोड-मॉड्यूल्स तसंच पडून होतं.

तुमच्या महिन्यातून एकदा पडणाऱ्या बिल्डमागे असलंच काहीतरी असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. तीन अ‍ॅप्स एनपीएमच्या वर्कस्पेसेसमध्ये (एकाच रिपॉझिटरीत अनेक प्रोजेक्ट एकत्र सांभाळायच्या सोयीत) असतील तर शक्यता आणखी वाढते. तिथे सगळ्यांच्या डिपेंडन्सीज रूट फोल्डरमध्ये एकत्र जमतात, म्हणजे एका अ‍ॅपने मागितलेलं पॅकेज दुसरं अ‍ॅप न मागता वापरतं, आणि ते दुसरं अ‍ॅप एकटं डिप्लॉय करायला गेलात की तोंडावर आपटतं.

आता यार्न. ऑक्टोबर २०१६ मध्ये फेसबुकने गूगल, एक्स्पोनंट आणि टिल्डच्या साथीने ते आणलं, आणि तेव्हा ते खरोखर हवं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये लेफ्ट-पॅड प्रकरण होऊन गेलं होतं. अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने रजिस्ट्रीवरून (पॅकेजेसच्या सामायिक ऑनलाइन कोठारातून) काढून घेतलं आणि बेबेलसकट हजारो बिल्ड कोसळले. यार्नने लॉकफाइल सक्तीची केली, म्हणजे कुठल्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती बसली हे नोंदवून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तेच बसवायचं. त्याआधी एनपीएममध्ये श्रिंकरॅप होतं, पण हाताने चालवावं लागायचं आणि त्यामुळे कुणी फारसं चालवत नसे. एनपीएमने २०१७ मध्ये पाचव्या आवृत्तीत स्वतःची पॅकेज-लॉक आणली. यार्नचं यश म्हणाल तर हेच की त्याने एनपीएमला सुधारायला लावलं.

पण तुमचा सहकारी ‘यार्न’ म्हणतो तेव्हा त्याला कुठलं यार्न म्हणायचंय, हे आधी विचारा. पहिलं यार्न, ज्याला आता क्लासिक म्हणतात, ते गोठवलेलं आहे, नवीन काही येत नाही. रिअ‍ॅक्टची स्वतःची रिपॉझिटरी वर्षानुवर्षं त्यावर होती, म्हणून ते लगेच मरेल असं नाही, पण नवं घर जुन्या भाडेकरारावर कशाला घ्यायचं? आणि जानेवारी २०२० मध्ये आलेलं यार्न २, म्हणजे बेरी, हे जवळजवळ वेगळंच टूल आहे.

बेरीचं उत्तर सगळ्यांत धाडसी: नोड-मॉड्यूल्स हवंच कशाला? पॅकेजेस झिप म्हणून एका कॅशमध्ये ठेवायची, आणि कुठल्या पॅकेजला काय आणि कुठलं दिसावं याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहायचा. याचं नाव प्लग-अँड-प्ले. फँटम डिपेंडन्सी तिथे शक्यच नाही, नकाशात नसेल तर ठणकावून एरर येतो. कल्पना म्हणून मला आजही हीच सर्वांत स्वच्छ वाटते. व्यवहारात मात्र प्रत्येक टूलला हा नकाशा समजावून सांगावा लागतो. एडिटरमध्ये टाइपस्क्रिप्ट नीट चालायला वेगळा एसडीके बसवा, एखादं जुनं प्लगइन थेट फोल्डरमध्ये डोकावत असेल तर त्यासाठी कॉन्फिगमध्ये अपवाद लिहा. मी एका प्रोजेक्टवर हे आठ महिने चालवलं. नवीन माणूस आला की त्याचा पहिला दिवस एडिटरला समजूत घालण्यात जायचा. शेवटी आम्ही नोडलिंकर ही सेटिंग बदलून नोड-मॉड्यूल्सवर परत आलो, आणि तसं आल्यावर मग यार्नच का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. तुमच्या टीममध्ये बिल्डचीच जबाबदारी घेणारा एखादा माणूस असेल तर बेरी जरूर बघा. सात जणांत तसा कुणी नसतो.

पीएनपीएमने मधला रस्ता धरला. नोड-मॉड्यूल्स ठेवलं, पण आतली मांडणी बदलली. एकदा स्वतः उघडून बघा, समजायला पाच मिनिटं पुरतात. एखाद्या अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये गेलात तर नोड-मॉड्यूल्समध्ये फक्त तीच नावं दिसतील जी तुम्ही पॅकेज-जेसनमध्ये लिहिली आहेत. शेकड्यांनी फोल्डर नाहीत, मोजून तीस-चाळीस. आणि तीही खरी फोल्डर नाहीत, सिम्लिंक आहेत, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारे शॉर्टकट. ‘रिअ‍ॅक्ट’वर एलएस-एल मारलंत तर बाण दिसेल, तो रूटमधल्या डॉट-पीएनपीएम नावाच्या लपलेल्या फोल्डरकडे जातो. तिथे नाव आणि आवृत्ती मिळून एकेक फोल्डर आहे. आणि त्या फोल्डरमधल्या फाइल्सही तिथल्या नाहीत. त्या मशीनवर एकच सामायिक स्टोअर असतं, तिथल्या फाइल्सचे हे हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलचं दुसरं नाव. दहा प्रोजेक्टमध्ये रिअ‍ॅक्टची तीच आवृत्ती असेल तर डिस्कवर ती एकदाच. आमचा एक जण साताऱ्याहून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतो. नवीन फांदीवर जाताना बहुतेक पॅकेजेस स्टोअरमध्ये आधीच असतात, त्यामुळे नेट फार लागत नाही, हे त्याला वेगाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त पटलं.

यातून मूळ वादाचं उत्तर असं निघतं: दोन आवृत्त्या हव्यात तर दोन्ही राहू देत, पण ज्याने जी मागितली त्यालाच ती दिसेल. तुमच्या कोडला न मागितलेलं काही दिसत नाही. इथे एक खाचखळगा सांगतो. पॅकेजेसच्या आपापसातल्या फँटम डिपेंडन्सीजकडे पीएनपीएम काणाडोळा करतं, त्यांच्यासाठी आत एक लपलेलं हॉइस्टिंग ठेवलेलं आहे, नाहीतर निम्मी रजिस्ट्री चाललीच नसती. कडक शिस्त फक्त तुमच्या कोडला. मला हे योग्य वाटतं. दुसऱ्याचा कचरा साफ करायला आपण बसलेलो नाही.

आणि जेव्हा काहीच चालत नाही तेव्हा सगळं वर उचलून आणणारी एक सेटिंग आहे, तिचं नाव ‘शेमफुली हॉइस्ट’. लाज वाटून घ्या आणि मग करा, असं नावातच लिहून ठेवलंय. ती पहिल्याच दिवशी लावू नका. लावलीत तर एनपीएमच बरं होतं.

आता तुमच्या कंपोनंट लायब्ररीकडे येऊ, कारण टूल कुठलंही घ्या, हा घोळ तुमच्या वाट्याला येणारच. लायब्ररीच्या पॅकेज-जेसनमध्ये रिअ‍ॅक्ट साध्या डिपेंडन्सीजमध्ये लिहिलं असेल आणि अ‍ॅपमधली आवृत्ती त्याच्याशी जुळत नसेल, तर रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती बंडलमध्ये जातात आणि ब्राउझरमध्ये ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ येतो. एररमध्ये तीन संभाव्य कारणं सांगितलेली असतात, लोक पहिल्या दोनांवर दिवस घालवतात, कारण तिसरं निघतं. रिअ‍ॅक्ट नेहमी पीअर डिपेंडन्सी म्हणून लिहा: ‘मला रिअ‍ॅक्ट लागतं, पण ते घरमालकाने द्यायचं’. लायब्ररी स्वतःच्या टेस्ट चालवते म्हणून ते डेव्ह डिपेंडन्सीमध्येही (फक्त डेव्हलपमेंटपुरत्या लागणाऱ्या पॅकेजेसमध्ये) येतं, आणि इथेच पीएनपीएममध्ये पाय घसरतो. वर्कस्पेसमधली लायब्ररी आपल्या डेव्ह डिपेंडन्सीमधलं रिअ‍ॅक्ट उचलते. ती आवृत्ती अ‍ॅपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळली तर दोघांचे सिम्लिंक एकाच फोल्डरवर जातात आणि सगळं ठीक. एका पॅचचा जरी फरक पडला तरी पुन्हा दोन प्रती. उपाय म्हणजे कॅटलॉग: पीएनपीएमच्या वर्कस्पेस फाइलमध्ये रिअ‍ॅक्टची आवृत्ती एकदाच लिहायची आणि चारही पॅकेज-जेसनमध्ये फक्त ‘कॅटलॉग’ म्हणायचं. खात्री करायला ‘पीएनपीएम व्हाय रिअ‍ॅक्ट’ चालवा, कोण कोणामुळे आलं हे झाडासारखं दिसतं. एनपीएम आणि यार्नमध्येही ‘व्हाय’ आहे, आणि माझ्या मते पॅकेज मॅनेजरमधली सर्वांत कमी वापरली जाणारी चांगली गोष्ट तीच आहे.

लायब्ररीला अ‍ॅपमधून जोडताना ‘वर्कस्पेस’ प्रोटोकॉल वापरा. म्हणजे पीएनपीएम रजिस्ट्रीवर शोधायला जात नाही, शेजारचंच फोल्डर जोडतं, आणि प्रकाशित करताना तिथे खरा आवृत्ती क्रमांक भरून देतं. यार्न बेरीतही हे आहे. एनपीएममध्ये नाही, तिथे आवृत्ती जुळली तर जोडलं जातं, नाहीतर गुपचूप रजिस्ट्रीवरची जुनी प्रत येते. एकदा यात आमची अख्खी दुपार गेली होती.

बनबद्दल. तुमच्या नवीन मुलाला नाउमेद करू नका, टूल खरोखर चपळ आहे. झिग भाषेत लिहिलेलं, सप्टेंबर २०२३ मध्ये १.० आलं. सुरुवातीला त्याची लॉकफाइल बायनरी होती, रिव्ह्यूत काय बदललं ते दिसायचंच नाही. जानेवारी २०२५ च्या १.२ पासून ती साध्या मजकुरात येते, म्हणजे माझा मोठा आक्षेप गेला. पण बन हा रनटाइम, बंडलर (सगळा कोड ब्राउझरसाठी एकत्र बांधणारा), टेस्ट रनर आणि पॅकेज मॅनेजर असा सगळा संसार आहे. त्यातला फक्त पॅकेज मॅनेजर वापरता येतो, तरी उद्या टीम हळूहळू बाकीच्याकडे सरकते, आणि प्रॉडक्शनमध्ये तुमचं नोडच असतं. छोट्या अंतर्गत टूलवर त्याला वापरू द्या. तीन अ‍ॅप्सचा गाडा त्यावर आज मी चढवणार नाही.

सुरक्षेचा मुद्दा तुम्ही विचारला नव्हता, पण माझ्यासाठी पारडं तिथेच झुकलं. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबगसारख्या, जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असलेल्या पॅकेजेसच्या देखभालकर्त्याचं खातं फिशिंगने गेलं आणि क्रिप्टो वॉलेटवर डोळा ठेवणारा कोड त्यांच्या नव्या आवृत्त्यांमध्ये घुसला. काही तासांत तो काढला, पण त्या तासांत ज्यांनी लॉकफाइल न पाळता इन्स्टॉल केलं ते सापडले. त्याच महिन्यात शाय-हुलुद नावाचा किडा आला, तो इन्स्टॉलच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमधून टोकन चोरायचा आणि त्याच टोकनने पुढची पॅकेजेस बाधित करायचा. पीएनपीएमने जानेवारी २०२५ मधल्या दहाव्या आवृत्तीपासून डिपेंडन्सीजच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट मुळात बंद ठेवल्या आहेत. ज्यांना खरंच लागतात त्यांना तुम्ही नाव घेऊन परवानगी द्यायची. बनही साधारण असंच करतं. शिवाय १०.१६ पासून ‘मिनिमम रिलीज एज’ आहे: प्रकाशित होऊन अमुक मिनिटं झाल्याशिवाय आवृत्ती घ्यायचीच नाही. आम्ही १४४० ठेवलंय, म्हणजे एक दिवस. ताजी भाजी बाजारातून आणावी, ताजं पॅकेज एक दिवस शिळं होऊ द्यावं.

एनपीएम टाकाऊ आहे असं यातून काढू नका. एकटं अ‍ॅप, दोन-तीन माणसं, वर्कस्पेस नाही, तर नोडबरोबर आलेलं एनपीएम पुरे. सातव्या आवृत्तीपासून ते बरंच सुधारलंय. तिथे पीअर डिपेंडन्सी जुळल्या नाहीत तर ईरिझॉल्व्ह नावाचा एरर येतो, आणि लोक स्टॅक ओव्हरफ्लोवरून ‘लेगसी पीअर डेप्स’ हा तपासणी टाळणारा पर्याय उचलून चिकटवतात. तो एरर खरं सांगत असतो. निदान एकदा वाचा तरी.

बदलायचं ठरलं तर क्रम असा ठेवा. रूटमध्ये पीएनपीएमची वर्कस्पेस फाइल आधी लिहा, चार फोल्डरची नावं त्यात घाला. मग जुनी पॅकेज-लॉक तशीच ठेवून ‘पीएनपीएम इम्पोर्ट’ चालवा, त्यातून नवी लॉकफाइल तयार होते आणि आवृत्त्या आहेत तिथेच राहतात. हे न करता थेट इन्स्टॉल मारलंत तर शंभर पॅकेजेस एकदम वर सरकतील आणि बिघडलं ते टूलमुळे की आवृत्तीमुळे, हे कळणार नाही. मग नोड-मॉड्यूल्स उडवा, इन्स्टॉल करा, बिल्ड चालवा. फँटम डिपेंडन्सी एकेक करून ओरडतील, प्रत्येक पॅकेज-जेसनमध्ये रीतसर लिहा. आम्हाला अशा चौदा सापडल्या, त्यातली एक माझी, ती वर आलीच आहे. शेवटी पॅकेज-लॉक त्याच कमिटमध्ये काढून टाका, दोन लॉकफाइल असलेली रिपॉझिटरी म्हणजे दोन घड्याळं असलेलं घर.

पॅकेज-जेसनमध्ये ‘पॅकेजमॅनेजर’ या फील्डात पीएनपीएमची नेमकी आवृत्ती लिहा. पीएनपीएम १० ती वाचून स्वतःच तेवढ्या आवृत्तीवर जातं. पॅकेज मॅनेजरची आवृत्ती सांभाळणाऱ्या कोअरपॅकवर विसंबू नका, नोड २५ पासून ते सोबत येत नाही. सीआयवर पीएनपीएम आपणहून लॉकफाइल गोठवून चालतं, जुळली नाही तर थांबतं. आज एनपीएमवर असताना तुमच्या सीआयमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ लिहिलेलं असेल तर ते आजच ‘एनपीएम सीआय’ करा, बदलाची वाट बघू नका. डॉकरमध्ये ‘पीएनपीएम फेच’ आधी चालवा, त्याला फक्त लॉकफाइल लागते, म्हणून पॅकेज-जेसनमधली एखादी स्क्रिप्ट बदलली तरी तो लेयर कॅशमधूनच येतो. लॉकफाइलवर मर्ज कॉन्फ्लिक्ट आला तर हाताने सोडवत बसू नका, पुन्हा इन्स्टॉल चालवलं की पीएनपीएम तो स्वतः मिटवतं. आणि पुढे रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा विचार असेल तर ०.७३ च्या आधीच्या आवृत्तीवर हे करू नका, त्याच्या बंडलरला, मेट्रोला, तोवर सिम्लिंक धड कळत नव्हते.

राहिलं बॉवरचं अ‍ॅडमिन पॅनेल. बॉवरवाले स्वतःच २०१७ पासून दुसरीकडे जा म्हणतायत. पण त्याला वर्कस्पेसमध्ये ओढून ‘वीट’सारख्या (Vite) बिल्ड टूलचा आणि बंडलरचा घाट घालू नका. जेक्वेरी आणि चार प्लगइन असतील तर त्यांच्या नेमक्या आवृत्त्यांच्या फाइल्स एका फोल्डरमध्ये कमिट करून टाका, स्क्रिप्ट टॅग आहेत ते राहू द्या, बॉवर-जेसन डिलीट करा. पुढे त्यात नवीन काही लिहायची वेळ आली तर इम्पोर्ट मॅप (कुठलं नाव कुठल्या फाइलवर जातं हे ब्राउझरला सांगणारी यादी) वापरा. मार्च २०२३ मध्ये सफारी १६.४ आल्यापासून ते सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतात, आणि त्यासाठी काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.